बॉनेटखालची आग आणि आपोआप चालणारें अग्निशामक

पन्नास-साठ वर्षें वयाची एखादी मोटारगाडी रस्त्याच्या कडेला थांबली आहे, बॉनेटच्या फटींतून काळसर धूर निघत आहे, आणि गाडीचा मालक खालीं उतरून बॉनेट उघडण्यासाठीं पुढें धांवत आहे, असें दृश्य क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. या माणसाच्या धैर्याचें कौतुक करावें, कीं त्याला हांक मारून जागच्या जागीं थांबवावें? थांबवावें, हेंच त्याचें उत्तर आहे. त्यानें बॉनेट पुरतें उचललें, कीं आंत कोंडलेल्या आगीला एकदम मुबलक हवा मिळते आणि ज्वाळेचा लोळ त्याच्याच तोंडावर येतो. पण बॉनेट उचलावयाचें नाहीं, तर आंतली आग विझवावयाची कशी? या पेचाला जें उत्तर शोधण्यांत आलें, त्या उपकरणाची माहिती देणें हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथम आगीचें स्वरूप पाहूं. पेट्रोल जळतें असें लोक म्हणतात. वस्तुतः पातळ पेट्रोल जळत नसून त्याची वाफ जळत असते. ही वाफ सुटण्यास विस्तवाची गरज नाहीं. शून्याखालीं चाळीस अंश इतक्या कडाक्याच्या थंडींतहि पेट घेण्याजोगी वाफ पेट्रोलमधून निघते. मग वैशाखांतल्या दुपारची गोष्ट बोलावयासच नको. हवेच्या शंभर भागांत सुमारें दीड ते साडेसात भाग वाफ मिसळली म्हणजे तें मिश्रण ठिणगीसरशी भडकतें. वाफ त्याहून कमी असली तर पेटत नाहीं, आणि अधिक झाली तरीहि पेटत नाहीं. बंद बॉनेटखालीं गुदमरत असलेली आग बॉनेट उचलतांच कां उसळते, याचा उलगडा या दोन आंकड्यांतच आहे. शिवाय ही वाफ हवेच्या तिपटीहून अधिक जड असते. ती उडून जात नाहीं. इंजिनाच्या खाचाखोचांत आणि गॅरेजच्या फरशीवर पाण्यासारखी पसरून राहते.

कढईंतलें तेल पेटलें असतां जाणती गृहिणी त्यांत पाणी ओतीत नाहीं. ती वर ताट झांकते आणि खालचा विस्तव काढून घेते. झांकणें आणि विस्तव काढणें, या दोन कृति ध्यानांत ठेविल्या म्हणजे मोटारीच्या आगीविषयीं पुढें जें सांगावयाचें आहे तें समजण्यास अडचण पडणार नाहीं.

आतां जुन्या गाडीलाच हा धोका विशेष कां, हा प्रश्न. अलीकडच्या मोटारींत पेट्रोलचा पंप विद्युत्-यंत्रणेच्या ताब्यांत असतो. इंजिन बंद पडलें कीं पंपहि थांबतो. जुन्या गाडीची घडण निराळी. उदाहरणादाखल इंग्लंडमधील ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचें ‘बी-सीरीज’ इंजिन घ्यावें. एमजी कंपनीच्या प्रसिद्ध खेळगाड्यांत तेंच होतें, आणि कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या ॲम्बॅसडरमध्यें पुष्कळ वर्षें त्याच घराण्यांतलें इंजिन बसविलेलें असे. या इंजिनांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण करणारा कार्ब्युरेटर आणि जळालेला वायु बाहेर नेणारा बिडाचा मॅनिफोल्ड हीं दोन्हीं इंजिनाच्या एकाच अंगाला आहेत. वर पेट्रोल आणि खालीं तापलेलें बीड! कार्ब्युरेटरच्या वाटींत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असतो. वाटी भरली कीं तो वर उचलला जातो आणि एक बारीक सुई भोंकांत दाबून पेट्रोलची वाट बंद करतो. या सुईच्या टोकाशीं वाळूचा कण किंवा टांकींतला गंज अडकला, कीं वाट बंद होत नाहीं आणि पेट्रोल वाहूं लागतें. कारखान्यानें असें पेट्रोल खालीं जमिनीकडे नेणारी बारीक नळी बसविलेली असते. पण तिचें प्रयोजन न कळल्यामुळें एखादा मिस्त्री ती काढून टाकतो, आणि मग पेट्रोल थेट बिडावर ठिबकतें. तापलेल्या बिडावर पडलेलें पेट्रोल दर वेळीं पेटतेंच असें मात्र नाहीं. पुष्कळदां त्याची नुसती वाफ होते, आणि ती वाफ डायनॅमोच्या किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या ठिणगीची वाट पाहत राहते.

पेट्रोल पुरविण्याच्या तऱ्हाहि ध्यानांत घेतल्या पाहिजेत. फोर्ड कंपनीच्या १९२७ ते १९३१ या काळांतील ‘मॉडेल ए’ गाडींत टांकी समोरच्या कांचेच्या पुढेंच, म्हणजे इंजिनाहून उंचावर आहे. तेथें पंप नाहींच. पेट्रोल आपल्या वजनानें खालीं येतें, आणि तोटी हातानें बंद करीपर्यंत येतच राहतें. मॉरिस मायनरसारख्या गाडींत विजेचा टकटक करणारा पंप आहे. नळी फुटली तर हा पंप बिचारा अधिकच जोमानें टकटक करूं लागतो, कारण त्याला अडविणारा दाब नाहींसा झालेला असतो. चालकानें किल्ली फिरवून बंद करीपर्यंत तो आगींत पेट्रोल ओततच राहतो. त्याच मायनरमध्यें साऱ्या विजेच्या जाळ्याला मिळून अवघे दोन फ्यूज आहेत. कापडी वेष्टनाच्या जुन्या तारा कोठें घांसल्या तर त्यांना अटकाव करणारें फारसें कांहीं नाहीं.

या सर्वांहून मोठा गुन्हेगार म्हणजे वीतभर लांबीची रबरी नळी. जुन्या गाडींतलें रबर ज्या काळीं बनलें, त्या काळच्या पेट्रोलशींच त्याचा परिचय. आतां पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळलेलें असतें. ब्रिटनमध्यें सप्टेंबर २०२१ पासून नेहमींच्या पेट्रोलमध्यें तें दहा टक्क्यांपर्यंत आहे. हिंदुस्थानांत हें प्रमाण २०२५ मध्यें वीस टक्क्यांवर पोंचलें. इथेनॉलनें जुनें रबर फुगतें, मऊ पडतें व पुढें चिरतें. बुचाच्या लांकडाचे गॅस्केट सैल होतात. नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण आंतून तिचे पापुद्रे सुटत असतात आणि त्यांचाच कचरा सुईच्या टोकाशीं जाऊन बसतो. इथेनॉलला दाद न देणाऱ्या नव्या नळ्या बाजारांत मिळतात व त्यांवर ‘आर ९’ अशी खूण असते. हजारों रुपयांचें अग्निशामक बसविणाऱ्या गृहस्थानें या नळीकडे दुर्लक्ष करावें, हा प्रकार घराला सोन्याचें कुलूप लावून खिडकी उघडी टाकण्यासारखा आहे.

आग चालत्या गाडींतच लागते असाहि एक समज आहे. इंजिन चालू असेपर्यंत पंख्याचा वारा व खेळतें पाणी त्याला निववीत असतात. घाट चढून आलेली गाडी माथ्यावर थांबली आणि इंजिन बंद केलें, म्हणजे पंखा थांबतो. बिडांतील उष्णता मात्र जागच्या जागीं राहते व बॉनेटखालचें तापमान उलट चढूं लागतें. कार्ब्युरेटरच्या वाटींतलें पेट्रोल उकळतें, त्याची वाफ दाटते, आणि चहा पिऊन परत आलेला मालक स्टार्टर दाबतो. ठिणगी तेथें पडते.

फोक्सवॅगनच्या ‘बीटल’ गाडीची कथा आणखी वेगळी. तिचें इंजिन पाठीमागें. कार्ब्युरेटरमध्यें शिरणारी पितळी नळी नुसती दाबून बसविलेली असते व वर्षानुवर्षांच्या थरथरीनें ती निसटते. मग पेट्रोलची पिचकारी गरम इंजिनावर उडते. चालक पुढें पाहत असतो. मागें काय चाललें आहे हें त्याला बहुधा शेजारून जाणारी मंडळी हातवारे करून सांगतात. आणि या इंजिनाचें आवरण मॅग्नेशियम मिश्रित धातूचें आहे. तें एकदां पेटलें तर पाण्यानें विझत नाहीं, उलट चवताळतें. अशा गाडींत पहिल्या अर्ध्या मिनिटांत जें होईल तेंच खरें.

आग विझविण्याचे प्रयत्न मोटारीइतकेच जुने आहेत. १९१० च्या सुमारास अमेरिकेंत ‘पायरीन’ नांवाचा पितळी हातपंप निघाला. त्यांत कार्बन टेट्राक्लोराइड हा द्रव भरलेला असे. आग त्यानें विझे. पण ज्वाळेंत सांपडल्यावर या द्रवापासून फॉस्जीन हा विषारी वायु तयार होतो. पुढें हे पंप वापरांतून गेले. तथापि जुन्या गाड्यांचे हौशी लोक हे झगझगीत पितळी पंप शोभेसाठीं अजून बाळगतात. त्यांत द्रव शिल्लक असेल तर ती शोभा धोक्याची आहे. नंतर हॅलॉन वर्गांतील वायु आले. ते उत्तम काम देत, मागें राख किंवा ओल ठेवीत नसत. परंतु वातावरणांतील ओझोनचा थर ते नष्ट करतात असें दिसून आल्यावर १९८७ च्या मॉण्ट्रिऑल करारान्वयें त्यांच्यावर गदा आली, आणि १९९४ पासून प्रगत देशांत त्यांचें उत्पादन थांबलें.

हातांतलें अग्निशामक, मग तें कोणतेंहि असो, आगीच्या जागेपर्यंत माणसानें न्यावें लागतें. मोटारीच्या बाबतींत घोडें तेथेंच अडतें. पेट्रोलची आग माणसाला किती वेळ देते याचें एक अलीकडचें उदाहरण आहे. नोव्हेंबर २०२२ मध्यें अमेरिकेंतील सुप्रसिद्ध विनोदी कलावंत व जुन्या गाड्यांचे संग्राहक जे लेनो हे आपल्या कॅलिफोर्नियांतील गॅरेजमध्यें १९०७ च्या ‘व्हाइट’ वाफेच्या मोटारीची तुंबलेली पेट्रोलनळी साफ करीत होते. नळी मोकळी होतांच पेट्रोल त्यांच्या तोंडावर उडालें आणि बॉयलरजवळच्या लहानशा ज्योतीनें तें पेटलें. शेजारीं असलेल्या मित्रानें त्यांना ओढून बाहेर काढलें म्हणून ते वांचले. तरी चेहरा, छाती व हात भाजले. तेथें कोणतेंहि स्वयंचलित यंत्र उपयोगी पडलें नसतें हें खरें. पण जन्मभर गाड्या हाताळलेला माणूससुद्धां मागें सरण्यास अवसर मिळण्यापूर्वीं पेटतो, एवढें त्यावरून कळतें.

म्हणून माणसाची वाट न पाहणारें यंत्र हवें. ही कल्पना मुळांत गिरण्या-कारखान्यांची. १८७४ मध्यें अमेरिकेंतील न्यू हेवन गांवीं हेन्री पार्मली या पियानो बनविणाऱ्या कारखानदारानें आपल्या इमारतींत उष्णतेनें आपोआप उघडणारे पाण्याचे फवारे बसविले. तेंच तत्त्व पुढें विमानांच्या इंजिनांना आणि आतां प्रवासी बसगाड्यांच्या इंजिनांना लागू झालें आहे. हिंदुस्थानांत अशा बसयंत्रणेसाठीं ‘एआयएस १३५’ नांवाचें मानक आहे. शर्यतीच्या गाड्यांतहि नळ्या टाकून बसविलेलीं अग्निशामकें असतात. पण तीं पुष्कळदां चालकानें किंवा बाहेरच्या पहारेकऱ्यानें कडी ओढल्यावर चालतात. त्या कडीजवळ तांबड्या वर्तुळांत ‘ई’ हें इंग्रजी अक्षर असतें. घरच्या गाडीला पहारेकरी कोठला? तिला आपलें आपण जागें होणारेंच यंत्र पाहिजे.

अशा यंत्राच्या दोन मुख्य जाति. पहिली कांचेच्या कुपीची. सभागृहांच्या छताला तांबड्या द्रवाची लहान कुपी असते, ती पुष्कळांनीं पाहिली असेल. उष्णतेनें आंतला द्रव फुगतो व कुपी फुटते. तांबडी कुपी ६८ अंशांना फुटते, पिवळी ७९, हिरवी ९३ आणि निळी १४१ अंशांना. इंजिनाच्या खोलींत तांबडी कुपी लावणें म्हणजे घाटांत प्रत्येक उन्हाळ्यांत विनाकारण फवारा सोडून घेणें होय. तेथें हिरवी किंवा निळीच शोभते. हिचा दोष असा, कीं ती एकाच जागीं असते. आग दुसऱ्या कोपऱ्यांत लागली, तर उष्णता कुपीपर्यंत पोंचण्यास वेळ जातो.

दुसरी जात नळीची, आणि जुन्या मोटारीला तीच अधिक सोयीची. एक विशिष्ट प्लॅस्टिकची बोटाहून बारीक नळी दाबलेल्या वायूनें भरून इंजिनाच्या वरच्या बाजूनें फिरविलेली असते. ज्या ठिकाणीं आग लागेल त्याच ठिकाणीं नळी मऊ होऊन फुटते. कांहीं यंत्रांत विझविणारा वायु या नळींतूनच येतो, आणि फुटलेलें भोंक हेंच फवाऱ्याचें तोंड होतें. आग स्वतःच आपल्यावर नेम धरते म्हणा ना! कांहींत नळी फुटून दाब उतरला, कीं सिलिंडरची झडप उघडते व निराळ्या तोट्यांतून मारा होतो. या नळीला बॅटरी लागत नाहीं, तार लागत नाहीं. रात्रीं गॅरेजमध्यें बॅटरी सोडून ठेविलेल्या गाडीवरहि तिचा पहारा चालू असतो, आणि हा गुण लहान नव्हे.

आंत भरावयाचें काय, याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. कोरडी भुकटी ज्वाळेला झटकन् मारते; परंतु ती कार्ब्युरेटरमध्यें शिरते, ॲल्युमिनियमला खाते, आणि धुऊन काढतां काढतां मालकाच्या नाकीं नऊ येतात. फेस किंवा पाण्याचें बारीक तुषार बीड थंड करतात, हा त्यांचा मोठा गुण. स्वच्छ वायु मागें कांहीं ठेवीत नाहींत, म्हणून संग्राहकांना ते प्रिय आहेत. त्यांपैकीं एचएफसी-२२७ हा हवामान तापविणारा असल्यानें २०१६ च्या किगाली करारानें त्याचा वापर टप्प्याटप्प्यानें कमी करावयाचा ठरला आहे. ‘नोव्हेक १२३०’ या द्रवाचें उत्पादन २०२५ अखेर थांबविण्याचें त्याच्या मूळ कंपनीनें, थ्रीएम हिनें, २०२२ मध्येंच जाहीर केलें. या फ्लोरिनयुक्त वायूंपासून ज्वाळेंत हायड्रोजन फ्लोराइड हा झोंबणारा विषारी वायु थोडाबहुत निघतो. म्हणून फवारा सुटल्यावर जवळ वांकून पाहण्याचा मोह टाळावा.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हें यंत्र म्हणजे कढईवरचें ताट आहे. खालचा विस्तव तें काढीत नाहीं. वायु कांहीं क्षणांतच फटींतून निघून जातो. इंजिन चालू राहिलें तर पंखा त्याला अधिकच लवकर बाहेर लोटतो. बीड तापलेलेंच असतें, आणि पेट्रोल वाहत असेल तर विझलेली आग पुन्हां पेटते, मग सिलिंडर रिकामा असतो. यासाठीं यंत्राला दाब उतरतांच विजेच्या पंपाचा व इग्निशनचा प्रवाह तोडणारा स्विच जोडून घ्यावा. बॅटरी तोडण्याचा खटका हाताशीं असावा. आणि उंच टांकीच्या गाडींत पेट्रोलची तोटी कोठें आहे हें घरांतल्या प्रत्येकाला ठाऊक असावें. किती तरी मालकांना आपल्या गाडीची तोटी गंजून जाम झाली आहे हें प्रसंग येईपर्यंत कळत नाहीं.

बसवितांना नळी कार्ब्युरेटर, पंप आणि डायनॅमो यांच्या वरून न्यावी, कारण ज्वाळा वर जाते. तापलेल्या बिडाच्या अगदीं निकट ती नसावी. उन्हाळ्यांतल्या भर दुपारीं घाट चढून इंजिन बंद केल्यावर त्या जागेचें तापमान किती चढतें तें आधीं पाहावें. उष्णतेनें रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या यासाठीं मिळतात, आणि चार ठिकाणीं चार पट्ट्या चिकटविण्यास फारसा खर्च येत नाहीं. एवढें न करतां यंत्र बसवावें आणि तें अकारण सुटलें म्हणून त्यालाच दोष द्यावा, हें न्यायाचें नव्हे.

इकडील हौशी मंडळींची एक शंका असते: अशानें गाडीचें मूळपण बिघडेल काय? शंका अगदींच पोकळ नाहीं. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनीं पन्नास वर्षांवरील गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी व नंबरांत ‘व्हीए’ हीं अक्षरें दिलीं, तीं गाडी मूळ स्वरूपांत असेल तरच. पण नळीला भोंक पाडावें लागत नाहीं. आधींच्याच बोल्टांखालीं पट्टीचे आंकडे अडकवून ती बसते व हवी तेव्हां निघते. मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर दिसेनाशी झाली. कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेल्या त्या गाड्यांपैकीं ज्या घराघरांत जपून ठेविल्या आहेत, त्यांतली एक जळाली तर कारखाना दुसरी करून देणार नाहीं. चार आंकड्यांनीं तिचें मूळपण जात नाहीं. राख झाल्यावर मात्र तें कोठें शोधावें?

धूर दिसतांच गाडी कडेला घ्यावी, किल्ली बंद करावी, सर्वांना, विशेषतः मागें बसलेल्या मुलांना व वृद्धांना, खालीं उतरवून दूर न्यावें, आणि अग्निशमन दलाला कळवावें. बॉनेट आंतल्या दोरीनें पहिल्या खटक्यापर्यंतच सैल होतें, तेवढेंच असूं द्यावें. हातांतलें अग्निशामक मारावयाचें तर त्या फटींतून, आणि तेंहि माणसें दूर गेल्यावर. यंत्र सुटून ज्वाळा थांबल्या तरी बॉनेट हात लावण्याइतकें निवेपर्यंत बंदच राहूं द्यावें. नंतर नळी व सिलिंडर बदलल्यावांचून आणि पेट्रोल कोठून आलें तें सांपडल्यावांचून गाडी पुन्हां चालूं करूं नये. न सुटलेल्या यंत्राकडेहि महिन्यांतून एकदां पाहावें: दाबाचा कांटा हिरव्या पट्ट्यांत आहे कीं नाहीं, नळी कोठें घांसते काय, आणि कांटा नसलेलें यंत्र असेल तर बदलण्याची जी तारीख त्याच्या अंगावर छापलेली असते, ती उलटून तर गेली नाहीं ना.